मुक्कामी गाडीचा हिशेब

बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औराद भागातल्या आडवळणाच्या गावात रात्रीची शेवटची बस येते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर अंथरूण टाकतात. पहाटे तीच गाडी कॉलेजची मुले, दुधाचे कॅन आणि दवाखान्याला निघालेली एखादी आजी घेऊन तालुक्याला निघते. गावात तिला ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. रात्री येताना तिच्यात चार-सहा माणसेच असतात, त्यामुळे नफ्याच्या हिशेबात ही फेरी कधीच बसत नाही. तरीही ती येते, आणि या येण्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

बिदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १९३० मध्ये आपल्या हद्दीतली रेल्वे ती चालवणाऱ्या कंपनीकडून विकत घेतली. जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन सेवा सुरू केली. यामागे समाजवाद नव्हता, व्यवहार होता. राज्याचा पैसा रुळांत गुंतलेला असताना रेल्वे आणि रस्ता यांनी एकमेकांचे उतारू पळवू नयेत, उलट एकमेकांना माणसे पुरवावीत, हा विचार होता. मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर बिदर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. जिल्हा वाटला गेला तसा वाहतुकीचा कारभारही वाटला गेला. सोयरिकी मात्र वाटता आल्या नाहीत. आजही भालकीच्या स्टँडवर कन्नड पाटीची गाडी आणि महाराष्ट्राची लाल एसटी शेजारी उभ्या राहतात, आणि माहेरी निघालेली बाई आधी सुटेल त्या गाडीत चढते.

रेल्वेची कथा वेगळी. बिदर-कलबुर्गी हा थेट लोहमार्ग पूर्ण होऊन त्याचे उद्घाटन झाले ते ऑक्टोबर २०१७ मध्ये. तोपर्यंत या दोन शेजारी जिल्ह्यांना जोडणारी खरी नाळ हुमनाबादमार्गे जाणारी बसच होती. या भागातल्या बससाठी २००० मध्ये कलबुर्गीत मुख्यालय असलेले स्वतंत्र महामंडळ झाले. २०२१ पासून ते कल्याण कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळ म्हणून ओळखले जाते.

म्हणजे सरकारी मालकी असली की सगळे टिकते का? तसे नाही. त्याचा पुरावा कलबुर्गी जिल्ह्यातच, सेडम तालुक्यातल्या कुरकुंट्याला आहे. केंद्र सरकारच्या सिमेंट कॉर्पोरेशनने १९७२ मध्ये तिथे कारखाना सुरू केला. १९९८ मध्ये तो बंद पडला. त्याच पट्ट्यातल्या चुनखडीवर मळखेडचे आणि सेडमचे खासगी कारखाने चालू राहिले. १९८९ मध्ये सिमेंटवरचे दर-नियंत्रण पूर्ण उठले होते. एका कारखान्याचे पोते मिळाले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याचे घेते. त्याचे घर अडत नाही. कामगारांची चूल विझली, हे दुःख मोठेच. पण सिमेंट मिळायचे थांबले नाही.

मुक्कामी गाडी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. काळी-पिवळी आणि क्रूझर भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि अंधार पडल्यावर मिळत नाहीत. मंगळूर-उडुपीकडे खासगी बस उत्तम चालतात, कारण तिथे दाट वस्ती आहे आणि दिवसभर उतारू आहेत. आपल्याकडच्या तुरीच्या शिवारात ती गर्दी नाही. २०२१-२२ च्या एसटी संपात सीमेपलीकडच्या मराठवाड्यातल्या खेड्यांनी महिनोन्‌महिने हेच सोसले.

जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. वाहक बाईच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट ठेवतो. मला ते तिकीट फार मोलाचे वाटते. ते बाईसाठी शून्य आहे, पण खर्च शून्य नाही. तो सरकारने महामंडळाला भरून द्यायचा असतो, आणि कितीचा प्रवास झाला याची नोंद त्या तिकिटामुळेच राहते. भरपाई थकली की डिझेल, सुटे भाग आणि पगार यांची ओढाताण होते आणि कात्री लागते ती आडगावच्या फेरीला.

म्हणून मुक्कामी गाडीलाही असाच हिशेब हवा. प्रत्येक तोट्यातल्या फेरीचा खर्च उघड मांडावा, सरकारने तो वेळेवर भरावा आणि गाडी आली की नाही हे ग्रामसभेने विचारावे. मग पहाटे निघणाऱ्या त्या आजीची जागा कोणाच्या मेहरबानीची राहणार नाही, हक्काची होईल.