घरच्या मोटारखान्यांतील जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवालयांच्या संबंधांत वापरतों. परंतु यंत्रांचाहि जीर्णोद्धार होऊं शकतो, आणि तो एखाद्या सुशिक्षित गृहस्थास घरच्या मोटारखान्यांत, सुटीच्या दिवसांत, मुलामुलींस बरोबर घेऊन करतां येण्याजोगा आहे. याचें उत्तम उदाहरण म्हणजे जुनी जीप. वडिलांनीं किंवा आजोबांनीं घेतलेली अशी एखादी गाडी कांहीं घरांतून ताडपत्रीखालीं वर्षानुवर्षें उभी असते. ती भंगारांत काढावी असें घरांत एकाचें मत असतें. नवें इंजिन, नवा पत्रा व झगझगीत रंग देऊन ती पुन्हां पळवावी असें दुसऱ्याचें. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे, आणि तोच प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे.

या गाडीचा जन्म युद्धाच्या धामधुमींत झाला. चारी चाकांना इंजिनाची ओढ असलेली, हलकी, टेहळणीची गाडी अमेरिकन सैन्यास १९४० सालीं हवी होती. १३५ कारखानदारांकडे विचारणा झाली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करण्याची अट पडली. पेनसिल्व्हेनियांतील बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साह्यानें तो नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजीं मुदतींत पोंचविला. मोठें काम मात्र पुढें विलीस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांकडे गेलें, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघींनीं मिळून सहा लक्षांवर गाड्या बांधल्या. १९४५ पासून विलीस कंपनीनें मुलकी उपयोगाची जीप काढली, व थोड्याच वर्षांनीं मुंबईस महिंद्रा कंपनीनें परवान्यानें ती जोडण्यास आरंभ केला. अमेरिकेंत १९५३ च्या सुमारास निघालेला, उंच बोनटचा ‘सीजे ३ बी’ हा नमुना तर आपल्या देशांत पुढें कित्येक दशकें तयार होत होता. जुनी जीप म्हणून आपल्याकडे जी दिसते, ती पुष्कळदां हीच.

रणभूमीवर, थोडक्या हत्यारांनिशीं दुरुस्त करतां यावी म्हणून या गाडीची रचना मुद्दाम सोपी ठेवलेली होती. युद्धकालीन जीपचें इंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २२०० घन सेंटिमीटरांचें व ६० अश्वशक्तीचें. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूस असल्यामुळें वरचें हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झांकणच होय. ‘सीजे ३ बी’मध्यें हवा आंत घेणारे व्हॉल्व्ह वर नेले, त्यामुळें इंजिनाची उंची वाढली व बोनटहि उंच करावें लागलें. गिअरच्या दांडीजवळ आणखी दोन लहान दांड्या असतात. एकीनें पुढील चाकांना ओढ मिळते, दुसरीनें वेग कमी होऊन जोर वाढतो. वळणावर पुढील चाकें मागील चाकांपेक्षां अधिक अंतर तोडतात. पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडलेला असतां कोरड्या, कठीण रस्त्यावर हा फरक चाकांना घसरून भरून काढतां येत नाहीं आणि सगळा ताण गिअरांच्या दांत्यांवर येतो. यास्तव पुढील चाकांची ओढ चिखलांत, वाळूंत वा निसरड्या चढावरच घ्यावयाची. एवढी गोष्ट मुलांस समजली तरी यंत्रशास्त्राचा एक धडा घरबसल्या झाला असें समजावें.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम. हातीं पाना घेण्यापूर्वीं वही घ्यावी. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकांतील क्रमांकांशीं ताडून पाहावे, कारण ते जुळत नसतील तर पुढील सर्व श्रम व पैसा धोक्यांत येतो. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्या. दोन महिन्यांनीं ‘हा नट कोठला?’ असा प्रश्न पडतो, त्याचें उत्तर स्मरणशक्ति देत नाहीं, वही देते.

त्यानंतर ब्रेक. इंजिन चालूं करून पाहण्याचा मोह फार असतो. परंतु जी गाडी थांबत नाहीं ती चालूं करण्यांत अर्थ नाहीं. या जुन्या जीपांत चारी चाकांच्या ब्रेकांस तेल पोंचविणारी व्यवस्था एकेरी असे. नळी कोठेंहि फुटली कीं चारी ब्रेक एकदम निकामी होतात. म्हणून रबरी नळ्या, वॉशर व गंजलेल्या धातूच्या नळ्या निःसंकोच नव्या घालाव्या. शिवाय हातब्रेक चाकांवर नसून मागील आंसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो. तो दांडा सोडविला कीं हातब्रेक गाडीस धरूं शकत नाहीं. तेव्हां आधीं चाकांस लांकडी ठोकळे लावावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कोणींहि शिरूं नये. जुन्या ब्रेकपट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून तेथील धूळ फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें टिपावी.

इंजिन कित्येक वर्षें बंद असेल तर तें एकदम बॅटरीनें फिरवूं नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावें, कांहीं दिवस मुरूं द्यावें, आणि मग पुढील हँडलानें हातानें, सावकाश फिरवावें. जुनें पेट्रोल काढून टाकावें. टाकी चालकाच्या बैठकीखालींच असते, म्हणून ती गाडींतून पूर्णपणें काढल्याखेरीज जवळपास वेल्डिंग करूं नये. बंद खोलींत इंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व तो प्राणघातक आहे. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. यास्तव रंग ओल्या कागदानें घासावा, आणि हें काम चालूं असतां लहान मुलांस दूर ठेवावें. रंग देणें हें सर्वांत शेवटचें काम. पुष्कळ ठिकाणीं तेंच पहिलें होतें, आणि आंतला गंज तसाच राहतो.

काय नवें घालावें आणि काय राखावें, हा खरा प्रश्न आहे. ज्यावर माणसाचें जीवित अवलंबून आहे तें नवें असावें: ब्रेकच्या नळ्या, टायर, विजेच्या तारा. ज्यावर गाडीची ओळख अवलंबून आहे तें शक्यतों मूळचें राखावें: चासी, इंजिन, पत्र्याचा मूळ आकार. तळाचा पत्रा कुजला असेल तर तेवढाच भाग कापून जोडावा. पेट्रोल परवडत नाहीं म्हणून आपल्याकडे अनेक जीपांना डिझेल इंजिनें बसविण्यांत आलीं. व्यवहाराच्या दृष्टीनें तें समजण्याजोगें होतें. परंतु मूळ इंजिन कोपऱ्यांत पडून असेल तर तें भंगारवाल्यास देऊं नये.

यांत केवळ भावनेचा प्रश्न नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. मात्र चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी नोंदणी दहा वर्षांची असते. तिच्यावर नित्याची वाहतूक वा धंदा करतां येत नाहीं, प्रदर्शनें, रॅली व तत्सम कारणांसाठींच गाडी रस्त्यावर काढतां येते. उत्साहाच्या भरांत इंजिन बदलणारा गृहस्थ हा हक्क आपल्याच हातांनीं गमावण्याचा संभव आहे. म्हणून पहिला बोल्ट सोडविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

या कामास वर्ष लागेल, कदाचित् दोन लागतील. खर्चहि प्रथमच्या अंदाजापेक्षां वाढेल. तेव्हां घरांतील सर्वांच्या संमतीनें दरमहाची रक्कम ठरवून तेवढ्यांतच भागवावें. पण वही, डबे आणि धीर एवढीं साधनें असलीं तर काम तडीस जातें. आणि ज्या मुलानें आजोबांच्या गाडीचा ब्रेक स्वतः उघडून पुन्हां बसविला, तो पुढें घरांतील कोणतीहि जुनी वस्तु टाकून देण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहील.