अक्कलदाढ: काढायची की ठेवायची?

हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे त्याचा मजकूर इथे देतोय.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. वय बावीस. म्हणाला, "मामा, डेंटिस्ट म्हणतायत चारही अक्कलदाढा काढून टाक. पण मला काहीच दुखत नाहीये. काढू का?"

माझ्या तोंडातून "काढ बाबा, लगेच काढ" असंच निघणार होतं. त्याला कारण आहे. माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ पहिल्यांदा सुजली तेव्हा मी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चार दिवसांत थांबलं. आई म्हणाली, "अक्कल येतेय, जरा दुखणारच." पुढच्या दोन वर्षांत ती आणखी दोनदा सुजली, आणि दोन्ही वेळा मी तेच केलं. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की अक्कलदाढ आडवी होऊन शेजारच्या दाढेला टेकली होती. दोघींच्या फटीत अन्न अडकून शेजारची चांगली दाढ मुळापर्यंत किडली होती. ती वाचली नाही. एक काढायला गेलो आणि दोन काढून आलो.

पण गंमत अशी, की डावीकडची माझी अक्कलदाढ आजही जागेवर आहे. सरळ आलेली, चावायला उपयोगी, ब्रश पोचतो. तिला हात लावायची गरज नाही असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे प्रश्न "अक्कलदाढा काढाव्यात का" असा नसतोच. "ही दाढ काढावी का" असा असतो, आणि तो प्रत्येक दाढेसाठी वेगळा विचारायचा.

आता थोडं समजून घेऊ. अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. सगळ्यात शेवटी येत असल्यामुळे जबड्यात जागा उरलेली नसेल तर त्या तिरक्या होतात, अर्ध्याच वर येतात किंवा हाडातच अडकतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे अर्धवट आलेली. तिच्यावर हिरडीची झाकणासारखी घडी राहते, खाली अन्नाचे कण आणि जंतू साठतात, आणि मग सूज, पू, ठणका.

काढण्याची ठोस कारणं कोणती? वारंवार होणारी अशी सूज. दाढेला लागलेली आणि नीट भरता न येणारी कीड. शेजारच्या दाढेचं नुकसान. दाढेभोवती झालेली गाठ. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २००० साली सांगितलं की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. सूज एकदाच आली आणि ती फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरूनही नाही, दुसऱ्यांदा आली तर मात्र विचार करावा. यावर तिथल्याच काही दंतशल्यचिकित्सकांचा आक्षेप आहे: थांबल्यामुळे शेजारची दाढ किडते आणि शस्त्रक्रिया वाढत्या वयात करावी लागते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मी स्वतःच्या जबड्यावरून सांगू शकतो.

"पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा" हे कारण मात्र पुरेसं नाही. अक्कलदाढा पुढच्या दातांना ढकलतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

काढण्यातही धोके आहेत. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, आणि काही जणांच्या दाढेची मुळं तिला अगदी लागून असतात. नस दुखावली तर बधिरपणा येतो. बहुतेकदा तो तात्पुरता असतो, क्वचित कायमचा. दुसरं म्हणजे खळग्यातली रक्ताची गुठळी निघून गेली की दोन-तीन दिवसांनी वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. तंबाखू-सिगारेटवाल्यांना हा धोका जास्त. आणि वय वाढतं तसं हाड कडक होतं, भरून यायला वेळ लागतो.

म्हणून डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा. एक, एक्स-रेमध्ये ही दाढ मला दाखवाल का? पूर्ण जबड्याचा, ओपीजी म्हणतात तो. दोन, आत्ता तिच्यात किंवा शेजारच्या दाढेत नेमका काय बिघाड आहे? तीन, मुळं नसेच्या किती जवळ आहेत? चार, नाही काढली तर लक्ष कसं ठेवायचं आणि पुन्हा कधी दाखवायचं? रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर आधीच सांगा.

सुजेबरोबर ताप आला, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला तर मात्र प्रश्नबिश्न नाही, थेट हॉस्पिटल.

भाच्याने हे प्रश्न विचारले आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं. वरच्या दोन्ही सरळ आहेत, त्या राहणार. खालची डावी पूर्ण हाडात आहे, शांत आहे, तिच्यावर अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. खालची उजवी अर्धवट आलेली, तिरकी, आणि शेजारच्या दाढेवर किडीची सुरुवात. ती परीक्षा संपल्यावर काढणार.

चारातली एक. मी "लगेच काढ" म्हटलं असतं तर चारही गेल्या असत्या, आणि आईसारखं "जरा दुखणारच" म्हटलं असतं तर कदाचित पाचवी गेली असती.

मी डॉक्टर नाही, हे लक्षात असू द्या. पण तुमची अक्कलदाढ दुसऱ्यांदा सुजली असेल तर लवंगेवर थांबू नका. भेटू पुढच्या भागात.