विश्लेषण : परसबागेच्या कुंपणात थेट वीज सोडणं जीवघेणं का? मग रानडुकरं आणि माकडांना रोखायचं कसं?

कोकणात घरामागच्या परड्यातली रताळी, सुरण काढणीला आले की एखाद्या सकाळी जमीन नांगर फिरवल्यासारखी उकरलेली दिसते. काही महिन्यांची मेहनत रानडुकरं एका रात्रीत संपवतात. वैतागलेले काहीजण मग घरातूनच तार ओढून कुंपणात वीज सोडतात. या तारेला चिकटून शेजारी, वाटसरू, कधी घरातलाच माणूस दगावल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात.

घरची वीज आणि झटका मशीन यात फरक काय?

घरातली वीज 230 व्होल्टची आणि अखंड वाहणारी असते. तारेला हात लागला की स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. ओल्या जमिनीवर धोका आणखी वाढतो. बॅटरी किंवा सौर पॅनेलवरच्या झटका मशीनचा दाब हजारो व्होल्टचा असतो. आकडा भीतिदायक आहे, पण झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता आणि साधारण सेकंदाला एकदा बसतो. मधल्या वेळेत सुटता येतं. जनावर दचकून पळतं. मात्र मशीन प्रमाणित हवं. तारेला गवत टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि झटका कमजोर होतो, त्यामुळे खालचं गवत सतत काढावं लागतं. कुंपण बसवून विसरून गेलेल्यांचे पैसे इथेच वाया जातात.

स्वतःच्या जागेत तार लावली तरी गुन्हा?

हो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित प्राण्याला मारणं, विष घालणं, फासात पकडणं ही शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती वन विभागाकडूनच. तारेमुळे माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मग उपाय काय?

आधी चोर ओळखायला हवा. रात्री कंद उकरले असतील तर डुक्कर किंवा साळिंदर. साळिंदराचे गळलेले काटे बहुतेकदा तिथेच सापडतात. डुक्कर उडी मारण्याऐवजी खालून मुसंडी मारतं. म्हणून कुंपण उंच करण्यापेक्षा तळाशी भक्कम हवं. दगडी गडग्यातली पडझड बुजवली तरी फरक पडतो.

माकडं आणि वानरांसमोर मात्र गडगा निरुपयोगी. ती दिवसा येतात, तीही फांद्यांवरून. कुंपणावर झुकलेल्या फांद्या छाटणं हे पहिलं काम. बुजगावणं, चकाकत्या सीडी, फटाके यांची भीती काही दिवसांतच मोडते. परसबाग लहान असते, हा इथे मोठा फायदा. चार वाफ्यांवर सांगाडा उभारून वरूनही जाळी टाकता येते, जे मोठ्या शेतात परवडत नाही. खरकटं आणि गळलेली फळं मात्र रोज उचलायला हवीत. जनावरांना परड्याची वाट बहुतेकदा त्यांच्याच वासाने सापडते.