चावी काढली का?

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये टर्नरची मुलाखत खुर्चीत बसून होत नाही. पूर्वी व्हायची. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, सर्टिफिकेट, मागच्या कंपनीचं पत्र, सगळं बघून एकाला घेतलं. बोलायला असा की मीच बुजलो. तिसऱ्या दिवशी त्यानं चक आवळायची चावी चकमध्येच ठेवून लेथ सुरू केलं. चावी उडाली आणि भिंतीच्या पत्र्याला पोचा पाडून खाली पडली. शेजारच्या मशीनवरचे काका चहाला गेले होते, म्हणून वाचले.

तेव्हापासून उमेदवाराच्या हातात ड्रॉइंग आणि 32 मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार देतो. वेळ दोन तास. बारचं एक टोक 50 मिलिमीटर लांबीपर्यंत 25 वर आणायचं; माप 24.98 ते 25.00 च्या आत. मी शेजारी चलनं लिहीत बसल्याचं नाटक करतो.

पहिली नजर चावीवर, दुसरी हातांवर. हातमोजे घालून कोणी फिरत्या जॉबजवळ गेला तर मशीन बंद करायला सांगतो. मोजा अडकला की मागोमाग बोटं जातात. टूल बांधताना त्याचं टोक सेंटरच्या उंचीला आहे का बघून खाली पट्टी सरकवतो तो शिकलेला. नुसतं आवळून मोकळा होतो तो उरकणारा.

पण खरी मजा पुढे. क्रॉस स्लाइडची डायल काही लेथवर खोली दाखवते, काहींवर व्यास. खोलीच्या डायलवर 0.1 पुढे घेतलं, तर व्यास 0.2 नं उतरतो. "साहेब, डायल डायामीटरवर आहे का रेडियसवर?" हे कट घेण्याआधी विचारणाऱ्याला मी निम्मे मार्क तिथेच देऊन टाकतो.

आणि मायक्रोमीटर. तो मी मुद्दाम दोन रेषा चुकवून ठेवतो, म्हणजे 0.02 चा फरक. जबडे मिटवून शून्य तपासलं नाही तर मोजणाऱ्याला जॉब बरोबर वाटतो आणि निघतो रिजेक्ट. लबाडी आहे, मान्य. पण रोज शंभर पीस करणाऱ्याला ही सवय घरूनच आणावी लागते.

गेल्या महिन्यात तिघं आले. दोघांनी वेळेत काम संपवलं. मायक्रोमीटर दोघांनीही तपासला नाही. तिसरा बीडकडचा, तोंडातून शब्द निघेना. दोन तासांवर दहा मिनिटं जास्त घेतली. माप आलं 24.99. जॉब पुसून माझ्यापुढे ठेवला आणि तेव्हा कुठे बोलला, "मायक्रोमीटर शून्यावर आणून ठेवलाय. आणि क्रॉस स्लाइडला प्ले आहे साहेब, गिब टाइट करून घ्या."

मशीन माझं, चार वर्षांपासूनचं. हा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मला ठाऊक नव्हता.

तिघांनाही त्या दिवसाची हजेरी दिली. दोन तासांना पूर्ण दिवस कशाला, असं आमच्या अकाउंटंटचं म्हणणं. पण त्यांचा दिवस तर पूर्णच गेला होता. गिब, म्हणजे स्लाइडची फट भरणारी पट्टी, त्याच संध्याकाळी आवळली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, इथे सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी आठला तो बीडकडचा मुलगा डबा घेऊन गेटवर उभा होता.