मारबत बोलत नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरच्या इतवारीतून काळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. 1881 पासूनची रीत. 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गर्दी रोगराईपासून महागाईपर्यंतची सगळी पीडा तिच्या माथी मारते आणि शेवटी तिला जाळून मोकळी होते. मारबत स्वतः काही बोलत नाही. मराठीतल्या तरुण पोरापोरींच्या समलिंगी प्रेमाच्या गोष्टी आठवायला बसलो की मला तीच डोळ्यांसमोर येते.

सुरुवात विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'पासून. आधी ती कथा होती. 1981 मध्ये तिचं नाटक रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या. काळ स्वातंत्र्याच्या आगेमागचा, पात्रं कॉलेजातली. बापूचा जीव मित्रावर, मित्राचा नामा या मुलीवर आणि नामाच्या मागे दळवी. त्रिकोण नेहमीचाच, एक रेघ तेवढी दुसऱ्या दिशेला गेलेली. बापू भला पोरगा आहे, मैत्रिणीची बाजू सोडत नाही. पण सगळी गोष्ट सांगतो तोच. मित्राची तगमग आणि तिचा शेवट आपण बघतो ते बापूच्या डोळ्यांनी. 1982 च्या 'उंबरठा' चित्रपटात आश्रमातल्या दोघींचं नातं आलं, तेही मुख्य कथेच्या कडेनं.

2006 मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही छोटी कादंबरी आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, काकांच्या ठोक कापडाच्या दुकानात बसायचो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गादीवर खतावणी उघडायची आणि तिच्या आड पुस्तक.

"काय वाचून राहिला बे?" काकांनी विचारलं.

"भावाबहिणीची गोष्ट आहे, काका."

खोटं नव्हतंच ते. पुण्यातल्या घरातले तनय आणि अनुजा, दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात. तो निघून जातो. त्याला पुस्तकभर नावसुद्धा नाही. अनुजा पळून जाते तेव्हा घर हादरतं. तनयचंही तेच दुःख, पण घराच्या हिशेबात त्याची नोंदच नाही. फरक एवढाच की इथे बापू मध्ये नाही. पहिला अर्धा भाग तनय स्वतः सांगतो, उरलेला अनुजा. खतावणीआड ती पानं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की अशा पोराची गोष्ट दुसऱ्यानं कीव करत सांगायची गरज नाही.

मग वारं हळूहळू फिरलं. तेंडुलकरांच्याच कथेवर रवी जाधवांनी 'मित्रा' हा कृष्णधवल लघुपट केला; त्याला 2014 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. 2022 मध्ये 'कोबाल्ट ब्लू' पडद्यावर आला, पण पुण्याचं घर कोचीला गेलं आणि भाषा हिंदी झाली.

2025 मध्ये रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं' या चित्रपटानं सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळवला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि तिथला बाल्या. मरण गोष्ट सुरू होण्याआधीच होऊन गेलेलं असतं, तेही बापाचं. प्रेम केलं म्हणून इथे कुणाला सरणावर चढावं लागत नाही. तिसरा कोनही लागत नाही. आडवं यायला नात्यागोत्याची 'लग्न कधी' ही चौकशी पुरेशी आहे.

मित्राची गोष्ट बापूनं सांगितली, तनयची तनयनं. मित्राकडून ती ऐकायची राहून गेली आहे, आणि नामाकडूनही. गर्दीच्या बाजूनं आम्ही पुष्कळ ओरडलो. आता एखादी पोरगी तिची गोष्ट तिच्या तोंडानं सांगेल तेव्हा खतावणी बंद करून ऐकीन म्हणतो.