आमच्या वाडीची शाळा : पट तेरा



मोठ्या शिक्षणसंस्थांची आणि वसतिगृहांची माहिती आपण नेहमी वाचतो. आज एका अगदी लहान शाळेची ओळख करून देत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बौद्धवाडीची ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, मराठी माध्यम, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पटावर तेरा मुले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. शिक्षक सरकारी नोकर आहेत, माझ्या लिहिण्याचा त्यांना त्रास नको. आणि कोकणातल्या पुष्कळ वाड्यांना ही हकीकत आपलीच वाटेल, तेव्हा नावाने काही अडत नाही.

पाखाडी चढून वर आले की आधी विहार लागतो आणि विहाराच्या मागे शाळा. हा क्रम उगाच नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत शाळा विहाराच्या पडवीतच भरत असे. पुढे वाडीतल्या माणसांनी जागा दिली, बायांनी डोक्यावरून चिरे वाहिले आणि मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या चाकरमान्यांनी पगारातून वर्गणी पाठवली. त्या वर्गणीची वही माझ्या चुलत्यांकडे अजून आहे. कोणाचे दोन रुपये, कोणाचे पाच. मी कारकून माणूस, त्यामुळे मला ती वही वाचायला आवडते. बेरीज कुठेही चुकलेली नाही.

दोन खोल्यांपैकी एकीत पहिली-दुसरी बसते, दुसरीत तिसरी-चौथी. एका शिक्षकाने दोन वर्ग एकदम शिकवायचे म्हणजे गोंधळ, असे पालकांना वाटते. मलाही वाटत असे. एकदा रजेच्या दिवशी मी तासभर मागे बसून पाहिले. गुरुजी चौथीला भागाकार घालून देतात आणि तिसरीकडे वळतात. तेवढ्यात चौथीतली मुलगी आपले गणित आटोपून तिसरीतल्या भावाला पाढा चुकला म्हणून टोकते. पहिलीच्या खोलीत बाई काजूच्या बियांचे दहा-दहाचे ढीग करून मोजायला शिकवतात. बी भाजून खायची नाही, एवढी एकच अट. तेरा मुलांत कोणाला काय येत नाही हे बाईंना हजेरीपट न बघता सांगता येते. साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे?

गुरुजी मराठवाड्यातले. इथे आले तेव्हा त्यांना साकव म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, पऱ्या ठाऊक नव्हता. मुलांनी त्यांना शिकवले. आता पावसात पऱ्याला पाणी चढले की मुले घरी सोडताना साकवापर्यंत तेच पुढे असतात, कारण धनगरवाड्यावरची तीन मुले पलीकडून येतात. गुरुजींनी आपल्या जिल्ह्यात बदलीसाठी अर्ज केला आहे, हेही सांगून टाकतो. त्यात त्यांचे काही चुकत नाही. घरी म्हातारे आईवडील आहेत. परंतु कोकणात एक शिक्षक गेला की दुसरा यायला किती काळ लागतो, हे आपण सगळे जाणतो.

दुपारी खिचडी असते. शिजवणाऱ्या ताई आमच्याच वाडीतल्या. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा या योजनेचा नियम आहे. ताईंना तो आकडा पाठ नाही, पण डाळ पातळ झाली तर त्या स्वतःच बाईंशी भांडतात. मी शाळेत होतो तेव्हा हे काही नव्हते. १९९५ साली केंद्राची योजना सुरू झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तर. बहीण तापाने फणफणली असली तरी आई तिला शाळेत बसवून येई. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यानंतर ही खिचडी आली. धनगरवाड्याची मुले आणि आमची मुले एका पंगतीला बसून ती खातात.

पंगतीचे एवढे कौतुक का, ते सांगतो. १९९० च्या सुमारास आम्ही वाडीतली चौघे पाचवीसाठी मोठ्या शाळेत गेलो. बसायला शेवटचा बाक मिळाला. तिथे बसा असे कोणी म्हटले नाही, पुढच्या जागा भरलेल्या होत्या एवढेच. त्या पुढे वर्षभर भरलेल्याच राहिल्या. पाणी प्यायचे तर दुसऱ्याने वरून ओतायचे आणि आपण ओंजळ धरायची. घरी सांगितले नाही. सांगून वडील काय करणार होते? पण पाढे आम्हाला तिसापर्यंत येत होते, धडा न अडखळता वाचता येत होता, कारण पहिली चार वर्षे आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. त्या चार वर्षांची किंमत मला फार उशिरा कळली.

उशिरा अशासाठी म्हणतो की, मीही माझ्या मुलीला पहिलीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले होते. टाय, बूट, व्हॅन. माझ्या वहीतला हिशेब असा आहे : वर्षाची फी १८,००० रुपये, व्हॅनचे महिना ९०० प्रमाणे दहा महिन्यांचे ९,०००, गणवेश-पुस्तके-बूट ५,५००. एकूण ३२,५०० रुपये. पतसंस्थेतल्या कारकुनाच्या पगारात हे कसे बसवले ते विचारू नका. पैशांचे एक वेळ सोडा. माझी पत्नी नववी शिकलेली. मुलीच्या डायरीत इंग्रजीतून शेरा आला की ती रात्री माझी वाट बघत बसायची. पालकसभेला जायचे म्हटले की तिचे पोट दुखायचे. तिथे कोणी तिचा अपमान केला असे नाही, तिच्याशी कोणी बोलतच नसे. दुसरीच्या शेवटी मुलीला स्पेलिंगे धडाधड येत होती, पण दुकानातून वीस रुपयांतले किती परत आणायचे हे सांगता येईना. तिसरीला तिला वाडीच्या शाळेत आणले. लोक हसले. माझी नोकरी गेली अशीही बातमी उठली.

इंग्रजी मागे पडले का? थोडे पडले, खोटे कशाला बोलू? आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पण उच्चार म्हणाल तर आमच्या बाईंचे उच्चार माझ्यासारखेच. म्हणून आम्ही एक केले. वाडीतली दोन मुले कॉलेजात आहेत, ती आठवड्यातून तीन संध्याकाळी विहारात इंग्रजी वाचून घेतात. फी नाही. चहा ज्याच्या त्याच्या घरून.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो. तिथे राहणे, जेवण, शिक्षण सर्व सरकारी. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. मात्र ग्रामीण म्हणून बसायचे तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेतच काढलेली असावी लागतात. शहराच्या हद्दीतल्या शाळेत मधले एक वर्ष जरी काढले तरी तो हक्क जातो. व्हॅन लावताना याचा विचार कोण करतो? मीसुद्धा केला नव्हता, मुलगी वेळेत परत आली एवढेच.

आता पटाचे बोलू. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार मांडला. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचे उदाहरण दिले. त्या वेळी आकडे बाहेर आले : वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. मी भागाकार करून पाहिला. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. म्हणजे आमची शाळा काही जगावेगळी नाही, ती बरोबर सरासरीवर बसली आहे. शासनाला या आकड्यात खर्च दिसतो. मला त्यात पावणेदोन लाखांहून जास्त मुले दिसतात, आणि त्यातली बरीचशी कोणाच्या वाड्यांवरची, पाड्यांवरची, तांड्यांवरची असतील ते सांगायला नको.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. आमच्या वाडीत आज पहिलीला बसलेले प्रत्येक मूल चौथी पार करते. हे अंतर चालत गेलेल्या शाळेत कापले गेले आहे. मोठी शाळा आमच्यापासून दोन किलोमीटरवर, साकवापलीकडे. सहा वर्षांचे पोर जुलैच्या पावसात तिथे रोज जाईल का? राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. हा नियम ज्यांनी केला त्यांनी पाऊस पाहिलेला असावा.

शाळा वाचवायची म्हणजे मोर्चाच काढला पाहिजे असे नाही. मोर्चे मी पुष्कळ काढले. शिक्षण हक्क कायद्याने दिलेली शाळा व्यवस्थापन समिती आपल्याकडे पडून आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेला आलेला पैसा कसा खर्च झाला हे पाहण्याचा आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. पूर्वी आमच्याकडे समितीचे कागद घरी सहीला यायचे. आता महिन्याच्या एका शनिवारी बैठक होते. गळके पत्रे बदलायचा विषय चार बैठका चालला, शेवटी बदलले. पोषण आहाराच्या तांदळाचे पोते दर खेपेला तोलून घ्यायचे, हे माझ्या पत्नीने सुचवले. डायरीतला शेरा वाचता येत नाही म्हणून रडणारी ती, आता समितीची सदस्य आहे आणि केंद्रप्रमुखांना खुर्चीत बसून प्रश्न विचारते.

शाळेच्या उणिवा नाहीत असे नाही. दोन शिक्षकांपैकी एक जण निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या नाहीतर मोबाईलवर माहिती भरण्याच्या कामात अडकलेला असतो. भिंतीवरचा टीव्ही विजेअभावी बंद असतो, पावसाळ्यात तर आठवडा आठवडा. खेळायला मैदान नाही, विहाराचे अंगण आहे. चौथीनंतर मुलांना मोठ्या शाळेत जावेच लागते.

मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्या कुटुंबांसाठी लिहितो. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी मुलाला परत पाठवता येत नाही. देणगी घेता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेता येत नाही. सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला घेऊन या, बाकीचे कागद आम्ही समितीतले लोक बघू.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून शिक्षकांच्या जागा ठरतात. येत्या जूनमध्ये चौथीतली चार मुले बाहेर पडतील, म्हणजे उरली नऊ. वाडीत पहिलीच्या वयाची पाच मुले आहेत. तीन घरांनी होकार दिला. दोन घरांचे ठरत नव्हते. त्यातल्या एका घरची आई परवा दुपारी शाळेत येऊन गेली. पोराला पाटीवर काहीबाही काढायला दिले होते, तो निघायला तयार नव्हता म्हणून तीही खिचडी संपेपर्यंत बसली. जाताना बाईंना विचारून गेली की गणवेश कधी मिळतो.

दुसऱ्या घरचे अजून कळलेले नाही. व्हॅनवाल्याने त्यांच्याकडे पाचशे रुपये आगाऊ मागितले आहेत, एवढे समजले. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. माझी हिशेबाची वही बरोबर नेतो.