चित्राखालची नावं

लैंगिक चित्रांचा चोरटा धंदा कसा चालतो हे समजून घ्यायचं, तर आधी पुस्तकाचं पहिलं किंवा शेवटचं पान उलटून पाहावं. १८६७च्या प्रेस व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण सक्तीचं केलं. फुटपाथवरच्या ‘पिवळ्या पुस्तकां’त ही ओळ एक तर नसते, नाही तर खोटी असते. तिच्याबरोबर चित्रकाराचं नावही बुडतं, म्हणून मराठीतल्या अशा चित्रकारांचा इतिहास कुणाच्या हाती लागत नाही.

र. धों. कर्वे यांनी मात्र लपवाछपवी केली नाही. जुलै १९२७पासून १९५३पर्यंत त्यांनी मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत संततिनियमन, गुप्तरोग आणि वाचकांच्या खाजगी शंकांना सरळ उत्तरं. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात स्वतःच्या नावानिशी असा अंक काढणं ही मला मराठी नियतकालिकांतली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

भारतीय दंड संहितेचं कलम २९२ अश्लील मजकूर किंवा चित्र विकणाऱ्याला, वाटणाऱ्याला आणि त्यासाठी तयार करणाऱ्याला वा बाळगणाऱ्याला पकडायचं. वाचकाने स्वतःपुरतं घरात ठेवलेलं त्यात येत नसे. अश्लील काय, हे ठरवायला न्यायालयं १८६८च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्याची कसोटी लावत: ज्यांचं मन बिघडू शकतं अशांच्या हाती पडलं तर ते बिघडवेल का? सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकावरून निकाल लावायचा, म्हणजे प्रकाशक हरणारच. १९३१मध्ये कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही २०० रुपये दंड झालाच. विक्रेतेही सुटत नसत. मुंबईच्या ‘हॅपी बुक स्टॉल’चे भागीदार रणजित उदेशी यांच्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याचा खटला झाला आणि १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली.

दुसरा पहारा टपालाचा. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, जंगलातल्या कुंभारवाड्याला राहणाऱ्या वाचकाला मुंबईचा असा अंक हवा असेल, तर त्याला पोस्टमनचाच आधार. पण १८९८च्या टपाल कायद्याच्या कलम २०ने अश्लील चित्र टपालाने पाठवायलाच बंदी घातली होती.

अमेरिकेत टपालबंदी १८७३पासून होती, आणि तिने चित्रांचं रूपच ठरवलं. न्यूयॉर्कचा अर्व्हिंग क्लॉ सिनेतारकांचे फोटो टपालाने विकायचा. गिऱ्हाईकं बांधलेल्या नायिका, उंच टाचांचे बूट, चामड्याचे पोशाख मागू लागली, तशी त्याने चित्रमालिका काढायला चित्रकार नेमले. फेटिश चित्रांचा धंदा असा मागणीवरच उभा राहिला. मात्र नग्नता नको, संभोग नको, असा क्लॉचा नियम होता, कारण पार्सल उघडलं तर तुरुंग त्याच्या वाट्याला येणार होता. या शैलीत दोरखंड आणि पोशाख इतक्या बारकाईने काढलेले दिसतात, त्यामागे ही भीती आहे. त्याच्यासाठी काढणारा एरिक स्टँटन काही वर्षं स्टीव्ह डिटकोबरोबर एकाच स्टुडिओत काम करायचा. हा डिटको म्हणजे स्पायडरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. याच धाटणीचं ‘बिझार’ मासिक जॉन विलीने १९४६मध्ये सुरू केलं. चित्रकार आणि संपादक तोच. १९५५मध्ये सिनेटच्या समितीने क्लॉला चौकशीला बोलावलं. पुढे त्याने निगेटिव्ह नष्ट करायला घेतल्या. त्यातल्या काही त्याची बहीण पॉला हिने लपवून ठेवल्या, म्हणून वाचल्या.

इकडे ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. हिक्लिन कसोटी मात्र त्याच न्यायालयाने २०१४मध्ये, अवीक सरकार खटल्यात बाजूला ठेवली. जुनं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालं आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवलेलं चित्रही येतं.